अ‍ॅन आर्बर ते ब्लूमिंग्टन: बिग टेनच्या गावांतून

२०२४ साली पाडवा आला २ नोव्हेंबरच्या शनिवारी आणि भाऊबीज दुसऱ्या दिवशी. आक्का मिशिगन राज्यात कॅन्टनला राहते, तिथून अ‍ॅन आर्बर अगदी जवळ. पाडव्यालाच अ‍ॅन आर्बरला मिशिगन विरुद्ध ओरेगन सामना होता, आणि पुढच्या शनिवारी मिशिगनचा संघ ब्लूमिंग्टनला इंडियानाशी खेळायला जाणार होता. भाची मिशिगन विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला होती. दाजींनी नव्वदच्या दशकात एमएस केलं ते इंडियाना विद्यापीठात. म्हणजे भाऊबीजही होणार आणि बापलेकीच्या संघांची गाठही बघायला मिळणार. तिकिटं काढली आणि निघालो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अमेरिकेतली विद्यापीठं गटागटानं एकमेकांत खेळतात, त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. बिग टेन ही त्यातली सर्वांत जुन्या कॉन्फरन्सपैकी एक, १८९६ साली शिकागोत सात विद्यापीठांनी सुरू केलेली. नावात दहा असले तरी आता संघ अठरा आहेत. २०२४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरचे ओरेगन, वॉशिंग्टन, यूसीएलए आणि यूएससी आत आले आणि न्यू जर्सीतल्या रटगर्सपासून लॉस एंजेलिसपर्यंत एकच कॉन्फरन्स झाली. आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. दहा यार्ड झाले की पुन्हा चार. शेवटच्या पट्ट्यात चेंडू पोचला की टचडाउन, त्याचे सहा गुण, आणि वर जोडगुणाची एक संधी: लाथेनं एक किंवा पुन्हा आत शिरून दोन. आत जाता येत नसेल तर चेंडू लाथेनं दोन खांबांमधून मारायचा, तो फील्ड गोल, त्याचे तीन गुण. एवढं कळलं की बाकीचं शेजारी बसलेला माणूस आनंदानं समजावून सांगतो.

शुक्रवार, १ नोव्हेंबर – कॅन्टन

संध्याकाळी पोचलो. दारात पणत्या, आत चकल्यांचा वास, आणि जेवणाच्या टेबलावर आक्काचा फराळ एका बाजूला तर भाचीची मक्याच्या पिवळ्या रंगाची टोपी दुसऱ्या बाजूला. जेवताना तिनं मला परिस्थिती समजावली. गेल्या मोसमात मिशिगन अजिंक्य राहून राष्ट्रीय विजेता झाला होता. मग प्रशिक्षक जिम हारबॉ व्यावसायिक लीगमध्ये गेले, क्वार्टरबॅक (म्हणजे पास देणारा मुख्य खेळाडू) जे. जे. मॅकार्थीही गेला, आणि शेरॉन मूर यांच्या हाती आलेला संघ या मोसमात चाचपडत होता. समोर येणारा ओरेगन देशात पहिल्या क्रमांकावर. "मामा, जिंकू असं मी म्हणत नाही, पण तू स्टेडियम बघच," ती म्हणाली.

दाजी गप्प होते. त्यांचा संघ आठपैकी आठ सामने जिंकलेला होता आणि ते ही गोष्ट मोठ्यानं बोलायलाही तयार नव्हते. इंडियाना म्हणजे तोवर देशात सर्वाधिक हरलेल्या संघांमधलं पहिलं नाव, सातशेहून अधिक पराभव. मागच्याच वर्षी बारापैकी तीन सामने जिंकले होते.

शनिवार, २ नोव्हेंबर – अ‍ॅन आर्बर

आक्कानं दाजींना पाडव्याचं ओवाळलं आणि आम्ही सकाळीच बाहेर पडलो. सामना साडेतीनचा, पण खरा दिवस दहाला सुरू होतो. स्टेडियमसमोरच्या पायोनियर हायस्कूलच्या मैदानात गाड्यांच्या रांगा लागतात, गाडीचं मागचं दार उघडून शेगड्या पेटतात, घडीची टेबलं मांडली जातात. याला टेलगेटिंग म्हणतात. आमच्या शेजारच्या गाडीत तीन पिढ्या होत्या. आजोबांनी विचारलं कुठून आलात. भारतातून म्हटल्यावर हातात गरम सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या रसाचा पेला आला. आम्ही चकल्यांचा डबा पुढे केला. आजींनी दोन खाल्ल्या आणि तिसरी रुमालात बांधून ठेवली.

त्यांनी गाडीतच टीव्ही लावला होता. दुपारी बाराला पेन स्टेट विरुद्ध ओहायो स्टेट सुरू झाला, आणि मिशिगनच्या माणसांची पंचाईत झाली. ओहायो स्टेट म्हणजे त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रतिस्पर्धी. कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये पाटाकडील तालमीच्या पोराला शिवाजी तरुण मंडळ जिंकताना बघवत नाही, तसंच इथं. पेन स्टेटच्या घरच्या मैदानावर १ लाख ११ हजारांहून जास्त प्रेक्षक. पेन स्टेटनं १०-० आघाडी घेतली, त्यातला टचडाउन झायन ट्रेसीनं ओहायोच्या विल हॉवर्डचा पास अडवून परत पळवत केलेला. हॉवर्ड मूळचा पेनसिल्व्हेनियाचाच पोरगा. त्यानं डोकं शांत ठेवलं आणि एमेका एग्बुका व ब्रँडन इनिस यांना टचडाउनचे पास दिले. चौथ्या सत्रात स्कोर २०-१३. पेन स्टेट ओहायोच्या तीन यार्डांच्या रेषेवर, हातात चार प्रयत्न. केट्रॉन अ‍ॅलनला तीनदा धावायला दिलं, तिन्ही वेळा भिंत. चौथ्या वेळी पास, तोही खाली. नऊ फूट अंतर आणि चार प्रयत्न, तरी आत जाता आलं नाही.

त्यानंतर जे झालं ते मी फोनवर चालता चालता पाहिलं, आणि माझ्या मते आठवड्यातली सर्वांत मोठी कामगिरी तीच. सामन्यात ५ मिनिटं १३ सेकंद उरली होती. ओहायो स्टेटनं चेंडू घेतला तो पेन स्टेटला परत मिळालाच नाही. क्विन्शॉन जडकिन्स आणि ट्रेव्हियन हेंडरसन पुन्हापुन्हा धावत राहिले, घड्याळ संपवून टाकलं. त्यांच्यापुढे वाट काढणारी फळी मोडकळीला आलेली होती. डावा टॅकल, म्हणजे फळीच्या डाव्या टोकाचा खेळाडू, जॉश सिमन्स ओरेगनविरुद्ध जायबंदी होऊन मोसमातून बाहेर गेला होता, त्याच्या जागी आलेलाही दुखापतीनं बाहेर पडला होता. म्हणून डॉनव्हन जॅक्सनला त्याची नेहमीची जागा सोडून कडेला उभं केलं होतं. त्याच्या नावापुढे एकही यार्ड लिहिला जात नाही, कारण तो चेंडूला हातच लावत नाही.

स्टेडियममध्ये रस्त्याच्या पातळीवरून शिरायचं आणि समोर खाली उतरत गेलेली प्रचंड वाटी दिसते. बाहेरून एवढं मोठं काही असेल असं वाटतच नाही. १९२७ साली बांधलेलं, आसनं १ लाख ७ हजार ६०१. १९७५ पासून प्रेक्षक कमी करण्याची वेळ आली ती फक्त करोनाच्या मोसमात. एरवी घरच्या प्रत्येक सामन्याला लाखाच्या वर माणसं आलेली आहेत. अ‍ॅल्युमिनियमचे लांब बाक, माणसाला जेमतेम पुरेल एवढी जागा. भाची विद्यार्थ्यांच्या भागात गेली, मी आणि दाजी वर.

ओरेगन ३८, मिशिगन १७. डिलन गॅब्रिएल हा हवाईचा डावखुरा क्वार्टरबॅक, तिसऱ्या विद्यापीठातून खेळणारा. तो घाई करत नाही. एकदा त्यानं पास देणार असं दाखवलं, सगळे मागे सरकले, आणि तो स्वतः मोकळ्या जागेतून पळत टचडाउन करून आला. माझ्यापुढची बाई "गुड प्ले" म्हणून बसली. हरणाऱ्या बाजूनं केलेलं ते कौतुक मला फार आवडलं. मिशिगनच्या बाजूनं टाइट एंड (फळीत उभा राहून पासही झेलणारा) कॉल्स्टन लव्हलंड एकटा झगडत राहिला, अंगावर दोघे घेऊन पास झेलत होता.

आणि दाजी? त्यांचं अर्धं लक्ष फोनवर. त्याच वेळी ईस्ट लान्सिंगमध्ये इंडियाना मिशिगन स्टेटशी खेळत होता. आधी ०-१० मागे. दाजींनी फोन खिशात ठेवला. थोड्या वेळानं काढला, पुन्हा ठेवला. शेवटी ४७-१०. सलग ४७ गुण! अंगठ्याच्या दुखापतीनंतर परतलेल्या क्वार्टरबॅक कर्टिस रोर्कनं चार टचडाउन पास दिले. ९-० ही सुरुवात इंडियानाच्या इतिहासात पहिल्यांदाच. दाजी आजूबाजूच्या पिवळ्या-निळ्या गर्दीत काही बोलले नाहीत, पण माझा हात घट्ट धरला होता.

जाणाऱ्यांसाठी: इथं कुठलीही पिशवी न नेणं सर्वांत सोयीचं, तिकीट फोनवर, म्हणून फोन पूर्ण चार्ज करून न्या. उन्हात बरं वाटतं पण सूर्य कलला की बाक बर्फासारखे होतात. बसायला गादी आणि आतून थर्मल हवंच. सामना साडेतीन तास चालतो. शाकाहारी माणसाला आत प्रेट्झेल आणि पॉपकॉर्नवर भागवावं लागतं, तेव्हा जेवण बाहेरच उरकावं.

रविवार-सोमवार, ३-४ नोव्हेंबर

पहाटे हिवाळ्याच्या वेळेसाठी देशातली घड्याळं एक तास मागे गेली. भाऊबीज झाली, आक्कानं ओवाळलं, जेवणात बासुंदी. दुपारी निकाल चाळत बसलो. आयोवानं विस्कॉन्सिनला ४२-१० असं झोपवलं, केलेब जॉन्सनचे तीन टचडाउन. मिनेसोटानं इलिनॉयला २५-१७ हरवलं. वॉशिंग्टननं यूएससीला २६-२१, यूसीएलएनं नेब्रास्काला त्यांच्याच मैदानावर २७-२०. नॉर्थवेस्टर्न आणि पर्ड्यूचा सामना जादा वेळेत गेला आणि नॉर्थवेस्टर्ननं २६-२० असा जिंकला.

सोमवारी कॉन्फरन्स आठवड्याचे मानकरी जाहीर करते: आक्रमण, बचाव, किकिंगची पथकं आणि पहिल्या वर्षाचे खेळाडू. आम्ही ती यादी डेक्स्टरच्या सायडर मिलच्या अंगणात बसून वाचली. १८८६ पासून तिथं सफरचंदं दाबून रस काढतात. सोबत गरम डोनट. शरद ऋतूत मिशिगनला गेलात तर हे चुकवू नका, महिनाअखेर बंद होतं.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

देशात अध्यक्षीय निवडणूक. त्याच संध्याकाळी राष्ट्रीय प्ले-ऑफ समितीची मोसमातली पहिली क्रमवारी आली. प्ले-ऑफमध्ये चारऐवजी बारा संघ घेण्याचं ते पहिलंच वर्ष. ओरेगन पहिला, ओहायो स्टेट दुसरा, पेन स्टेट सहावा आणि इंडियाना आठवा. पहिल्या आठात चार संघ बिग टेनचे. दाजींनी ती यादी दोनदा वाचली आणि भाचीला फोन केला. "आठवा नंबर आहे गं," एवढंच म्हणाले.

बुधवार-गुरुवार, ६-७ नोव्हेंबर – कोलंबस, इंडियानापोलिस

गाडी घेऊन आम्ही दोघं दक्षिणेला निघालो. कोलंबस तीन तासांवर. घोड्याच्या नालेच्या आकाराचं ओहायो स्टेडियम १९२२ सालचं, सामना नसताना भोवती विद्यार्थी पळत असतात. मी मुद्दाम विचारायला गेलो होतो की पेन स्टेटच्या सामन्यातला नायक कोण. बकाय नावाची मिठाई मिळते, शेंगदाण्याच्या लगद्याचा गोळा चॉकलेटमध्ये बुडवलेला, दिसायला तिथल्या झाडाच्या बीसारखा. ती विकणाऱ्या बाईंनी क्षणभरही विचार न करता सांगितलं, "ती पाच माणसं. पुढची फळी." त्यांचा मुलगा शाळेच्या संघात त्याच जागी खेळायचा. सामन्यानंतर वर्तमानपत्रात त्याचं नाव कधी छापून आलं नाही, पण दर शनिवारी त्या फक्त त्याच्याकडेच बघत बसायच्या. चेंडू कुठे आहे ते त्यांना कधी कळलंच नाही, म्हणाल्या. तेव्हापासून मीही चेंडू सोडून पुढच्या फळीकडे बघायला लागलो आणि खेळ दुपटीनं उलगडला.

इंडियानापोलिसला फक्त मुक्काम. बिग टेनचा अंतिम सामना इथल्या बंदिस्त लुकास ऑइल स्टेडियमवर होतो. एक व्यवहाराची गोष्ट: सामन्याच्या शुक्रवार-शनिवारी ब्लूमिंग्टनमधल्या खोल्यांचे भाव कित्येक पटींनी चढतात. इंडियानापोलिस तासाभराच्या अंतरावर आहे, तिथं राहणं परवडतं.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर – ब्लूमिंग्टन

चुनखडीचं गाव. इथल्या परिसरातल्या खाणींचा दगड न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला लागला आहे, आणि विद्यापीठाच्या इमारतीही त्याच दगडाच्या. दाजी मला त्यांची जुनी खोली, वाचनालय, बर्फात घसरून पडले तो उतार असं सगळं दाखवत होते. त्यांच्या काळी इथं बास्केटबॉल म्हणजेच सर्वस्व. फुटबॉलला लोक टेलगेटिंग करायचे आणि मध्यंतरानंतर घरी जायचे.

फोर्थ स्ट्रीटवर जुन्या घरांमध्ये देशोदेशीची खानावळं आहेत, तिबेटीसुद्धा. दलाई लामांचे थोरले बंधू थुप्तेन जिग्मे नोर्बू इथं प्राध्यापक होते, त्यांनी गावाबाहेर तिबेटी केंद्र उभं केलं. गरम मोमो खाल्ले. नंतर पर्सिमनचं पुडिंग, दक्षिण इंडियानाची खासियत. आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातलं फळ ते, शिजवल्यावर खजूर आणि गुळाच्या मधली चव येते.

शेजारच्या टेबलावर एक निवृत्त शिक्षक. चाळीस वर्षं हंगामी तिकीट काढत आलेले. मी विचारलं, एवढे पराभव बघून तिकीट का काढलंत? "माझे विद्यार्थी खेळायचे ना," म्हणाले. नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून आले तेव्हा सोबत तिथले तेरा खेळाडू घेऊन आले होते, आणि येताच "मी जिंकतो, गूगल करा" असं सांगून मोकळे झाले होते. "आम्हाला वाटलं, असं बोलणारे खूप पाहिले," शिक्षक म्हणाले. "मग आम्ही गूगल केलं."

रात्री टीव्हीवर यूसीएलएनं आयोवाला २०-१७ हरवलं. त्यांचा कार्सन श्वेसिंगर शिष्यवृत्तीशिवाय संघात आलेला पोरगा, त्या मोसमात त्यांच्या बचावाचा कणा. धावणाऱ्याला कोणी पाडलं ते बघायचं म्हटलं की दर वेळी त्याचाच क्रमांक.

शनिवार, ९ नोव्हेंबर – मेमोरियल स्टेडियम

भाची मित्रमैत्रिणींबरोबर अ‍ॅन आर्बरहून आली, पिवळी टोपी घालून. दाजी किरमिजी स्वेटरात. दोघांनी एकमेकांकडे बघून मिठी मारली आणि वेगवेगळ्या दारांनी आत गेले. स्टेडियम सुमारे ५३ हजारांचं, म्हणजे अ‍ॅन आर्बरच्या निम्मं, पण आवाज तिथल्यापेक्षा कितीतरी जवळचा. मैदानाच्या उत्तर टोकाला चुनखडीचा मोठा धोंडा आहे. २००७ साली वारलेले प्रशिक्षक टेरी हेपनर यांनी ती प्रथा सुरू केली. आत येताना प्रत्येक खेळाडू त्याला हात लावतो.

पहिला अर्धा इंडियानाचा. रोर्क कॅनडाचा, शांत चेहऱ्याचा. त्यानं केशॉन विल्यम्स आणि एलायजा सॅरटला टचडाउनचे पास दिले, १७-३. दाजी उभेच होते. मग दुसऱ्या अर्ध्यात मिशिगनच्या बचावानं दरवाजे लावून घेतले. मेसन ग्रॅहम मधून असा घुसत होता की इंडियानाला त्या अर्ध्यात वीससुद्धा यार्ड मिळाले नाहीत. मिशिगनचे फील्ड गोल, मग टचडाउन, १७-१५. बरोबरीसाठी दोन गुणांचा प्रयत्न. सगळं स्टेडियम ओरडत उभं राहिलं. तो प्रयत्न फसला.

इथं मी कोलंबसच्या बाईंचं ऐकून फळीकडे बघत होतो. सी. जे. वेस्ट आणि मिकाइल कमारा दमलेले होते, हात कमरेवर, तरी प्रत्येक वेळी उठत होते. मागे एडन फिशर ओरडून जागा सांगत होता. आक्रमण काही देत नव्हतं आणि सामना त्यांच्याच खांद्यावर होता. शेवटी निकोलस रॅडिसिचनं फील्ड गोल केला, २०-१५, आणि मिशिगनचा अखेरचा जोर अडवला गेला.

१०-०. या विद्यापीठानं एका मोसमात दहा सामने कधीच जिंकले नव्हते. १९४५ आणि १९६७ साली नऊवर थांबले होते. मिशिगनला १९८७ नंतर हरवलं होतं ते फक्त २०२० मध्ये, आणि तेव्हा साथीमुळे गॅलऱ्या रिकाम्या होत्या. म्हणजे या बाकांवर बसून हा विजय बघायला लोकांना ३७ वर्षं लागली. माझ्या बाजूला एक माणूस फोनवर त्याच्या म्हाताऱ्या वडलांना नुसता आवाज ऐकवत होता, स्वतः काही बोलत नव्हता. दाजींच्या डोळ्यांत पाणी होतं. बाहेर भाची भेटली, रडवेली. "बाबा, कॉंग्रॅट्स," म्हणाली आणि टोपी काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली. त्यांनी ती घातली.

आठवड्याचे बाकी निकाल रात्री पिझ्झा खाताना पाहिले. ओहायो स्टेट ४५, पर्ड्यू ०. पेन स्टेटनं वॉशिंग्टनला ३५-६ असं रात्री पांढरे कपडे घालून आलेल्या घरच्या गर्दीपुढे हरवलं. ओरेगन ३९, मेरीलँड १८, आणि त्यात गॅब्रिएलनं कारकिर्दीतल्या एकूण टचडाउनचा केस कीनमचा विक्रम मोडला. रटगर्सनं मिनेसोटाला २६-१९ हरवलं, त्यांचा क्वार्टरबॅक अथान कॅलियाक्मनिस आधी मिनेसोटाचाच होता.

रविवार, १० नोव्हेंबर

सकाळी गावात सगळ्यांचे घसे बसलेले. न्याहारीच्या दुकानात मालकानं कॉफीचे पैसे घेतले नाहीत. मग इंडियानापोलिसचा विमानतळ.

इंडियानाला मग एक आठवडा विश्रांती होती. २३ नोव्हेंबरला कोलंबसला ओहायो स्टेटशी सामना, तिथल्या दुपारी बाराला. घड्याळं बदलल्यामुळे आपल्याकडे तो रात्री साडेदहाला सुरू होणार होता, पूर्वीसारखा साडेनऊला नाही. असा सामना कधी बघणार असाल तर दर चालीला पहिले दोन सेकंद चेंडू सोडून मधल्या पाच जणांकडे बघा. क्वार्टरबॅकच्या पुढ्यात ते किती वेळ उभे राहतात, त्यावर सामना ठरतो. मी निघालो तेव्हा दाजी कोलंबसचं तिकीट शोधत होते.